भांड्याच्या बुडाशी कुणाचं नाव?

आपल्या बायकांचं वर्ष मातीच्या भांड्यांवरूनही मोजता येईल. संक्रांतीला सुगडं, ऊन तापू लागलं की माठ, अक्षय्य तृतीयेला कऱ्हा-केळी, नवरात्रात घट आणि दिवाळीत पणत्या-बोळकी. आपण ती घासाघीस करून घेतो, वापरतो आणि फुटली की तुळशीच्या बुंध्याशी टाकून देतो. ती कुणी घडवली, हा प्रश्न काही मनात येत नाही. पण याच मातीची आणखी एक दुनिया आहे. तिथे भांडं हातात घेतलं की माणसं आधी ते उलटं करतात आणि बुडाशी कुणाची खूण आहे ते बघतात.

या दुनियेशी माझी ओळख झाली ती आमच्या गावाबाहेर पॉटरी स्टुडिओ टाकलेल्या एका तरुण मुलीमुळे. तिची भांडी जमवणारी काही मंडळी पुण्या-मुंबईला आहेत. ऋतू पालटला की ती त्यांना एक पत्र पाठवते आणि मलाही एक प्रत देते. मी ती पत्रं माहेरच्या पत्रासारखी वाचते.

पावसाळ्यातल्या पत्रात तक्रारीच जास्त. हवेत ओल असते, भांडी वाळत नाहीत. वरून कोरडं दिसणारं भांडं आतून ओलं राहतं. तसंच भट्टीत घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं, शिवाय शेजारच्या चार भांड्यांनाही धक्का देतं. म्हणून त्या दिवसांत ती लहान लहान तुकड्यांवर नवनवीन ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, करून बघते. शरदात ऊन पडलं की पत्राचा सूरच बदलतो. भट्टी कधी लागणार, कधी उघडणार, यंदा निळा साधला की नाही, सगळं त्यात असतं. थंडीतल्या पत्रात प्रदर्शनाची तारीख आणि कुठल्या घाटाची भांडी आता पुन्हा होणार नाहीत ते. हे शेवटचं वाक्य वाचलं की संग्राहक लगेच फोन करतात म्हणे!

तिची भांडी 'स्टोनवेअर' या प्रकारातली. आपला माठ किंवा पणती साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसला भाजली जाते. स्टोनवेअरला बाराशे-तेराशे अंशांची आच लागते. तेवढ्या आचेत माती जवळपास दगडासारखी होते आणि पाणी झिरपू देत नाही. माठ मात्र झिरपतो म्हणूनच पाणी गार ठेवतो. त्यामुळे एक चांगलं आणि दुसरं हलकं असं नाही, दोघांची कामं वेगळी. स्टोनवेअर सहसा दोनदा भाजतात, आधी कोरं आणि मग ग्लेझ लावून. पुन्हा भट्टी आपसूक निवेपर्यंत धीर धरायचा. घाईने उघडली तर गार वाऱ्याने भांड्यांना तडे जातात.

या स्टुडिओंची परंपरा फार जुनी नाही. बर्नार्ड लीच या इंग्रज कलावंताने शोजी हमादा या जपानी कुंभाराच्या साथीने 1920 साली इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज गावात आपली पॉटरी सुरू केली. एकाच माणसाने माती मळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं जाणून करायचं, ही रीत तिथून जगभर पसरली. आपल्याकडे 1971 साली डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या अमेरिकन जोडप्याने पाँडिचेरीत 'गोल्डन ब्रिज पॉटरी' उभी केली. आज देशभर काम करणारे कितीतरी कलावंत तिथे शिकलेत. बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट यांनी साठच्या दशकात अमेरिकेत जाऊन हे शिक्षण घेतलं, पुढे बडोद्याच्या विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी घडवले. त्यांची मांजरं आणि पक्षी लोकांनी जिवापाड जपलेत. 2020 मध्ये त्या गेल्या.

आमच्या बचत गटात कुंभारवाड्यातल्या सहा बायका आहेत. गेल्या शरदात भट्टी उघडायची होती तेव्हा त्या मुलीने त्यांनाही बोलावलं. त्यातल्या सगळ्यात वडील मावशींनी एक वाडगा उचलला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग किंमत विचारली. नऊशे रुपये!

मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, हिच्या वाडग्याला नऊशे आन माझ्या सुगडाला वीस. त्यातबी बायका म्हणतात, पाच घेतली तर एक फुकट द्या. माती तर दोघींची एकच ना?"

मुलीने प्रामाणिकपणे हिशेब मांडला. माती बाहेरून मागवावी लागते, गॅस महाग, आणि भट्टीतून निघालेल्या दहातली दोन-तीन भांडी टाकून द्यावी लागतात. मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं. त्यांचाही आवा दगा देतो, त्यांनाही सरपण विकतच घ्यावं लागतं. मग त्यांनी वाडगा उलटा केला. बुडाशी त्या मुलीची छोटीशी सही होती. "हे काय?" "माझं नाव, मावशी." "म्हंजे पैका ह्याचा हाय," त्या म्हणाल्या. कुणीच काही बोललं नाही.

मला वाटतं, मावशी बऱ्याच अंशी खरं बोलल्या. संग्राहक नुसतं भांडं घेत नाही. करणारा कोण, यंदा त्याने काय नवं केलं, त्याच्या कामाची वाट कुठून कुठे चालली आहे, हेही तो विकत घेत असतो. आपल्या कुंभारणीची वाट कुणी विचारलीच नाही. यातली गंमत बघा, हमादा जपानला परतल्यावर आपल्या भांड्यांवर सही करत नसत. जुने अनाम कारागीर करत नव्हते, मग मी कशाला करू, असा त्यांचा विचार. पण हमादांना 1955 साली जपान सरकारने राष्ट्राचा 'जिवंत ठेवा' म्हणून गौरवलं होतं. ज्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे त्याला ते न लिहिण्याची मुभा असते. आमच्या मावशींना ती निवड कधी मिळालीच नव्हती.

घरी आल्यावर गटाच्या बैठकीत ठराव झाला की संक्रांतीच्या सुगडांवर ओल्या मातीतच शिक्का उठवायचा. आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहिला. नाव कुणाचं? आमच्याकडे चाकावर पुरुष बसतो. बाई माती चाळते, लीद-राख मिसळून ती तुडवते, भांडी उन्हात मांडते-उचलते, रंगवते आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजारात विकते. एका सुनेच्या सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, "चाक माझं, नाव माझं." ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी बैठकीला आली नाही.

मणिपूरमध्ये बायका चाकाशिवाय भांडी घडवतात. भांडं मध्ये ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरतात. तिथल्या नीलमणी देवींना 2007 साली पद्मश्री मिळाली. ही गोष्ट मी कुंभारवाड्यात सांगितली तेव्हा मावशी हसून म्हणाल्या, "म्हंजे तिथं चाक फिरत न्हाई, बाई फिरते. हितंबी बाईच फिरतीया की!"

शेवटी दोन घरांनी नवरा-बायको दोघांची अक्षरं शिक्क्यावर घेतली. मावशींनी अक्षराऐवजी अंगठ्याचा ठसा उठवला. बाकीची तीन घरं अजून विचार करतायत आणि ती सून अजूनही बैठकीला येत नाही. मी तिच्या घरी जाते, चहा घेते, विषय काढत नाही. संक्रांतीला शिक्क्याची सुगडं तीस रुपयाला गेली. सगळी नाही, पण बरीचशी. काही जणींनी 'हे कशाला?' म्हणून विचारलं. विचारलं, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

मैत्रिणींनो, महागडी भांडी जमवणं आपल्यापैकी प्रत्येकीला जमेलच असं नाही. पण भांडं पारखायला पैसे लागत नाहीत. टिचकी मारून बघा, नीट भाजलेलं भांडं खणखणीत वाजतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. बूड हाताने चाचपून बघा, टेबलाला ओरखडे पाडणारं नको. चकचकीत ग्लेझचं भांडं जेवणासाठी घेणार असाल, तर ग्लेझमध्ये शिसं नाही ना, हे जरूर विचारा. आंबट पदार्थात शिसं उतरतं आणि ते लहान मुलांना विशेष घातक असतं. शोभेच्या भांड्यात लोणचं भरायचा मोह टाळा.

आणि बाजारात पाटीपुढे वाकाल तेव्हा एवढंच विचारा, "हे कुणी केलं?" पाटीमागे बसलेली बाई आधी गोंधळेल. कदाचित नवऱ्याचं नाव सांगेल. तेव्हा पुढचा प्रश्न विचारा, "आणि तुम्ही काय केलंत?" ती सांगू लागेल. तेवढा वेळ तिच्यासाठी काढा. पाच रुपये कमी करून घेण्यात तेवढाच वेळ जातो.