गोधडीसाठी सेंद्रिय सुती कापड निवडताना

झरी जामणी तालुक्यातलं मुकुटबन सिमेंट कारखान्यामुळे ओळखलं जात असलं, तरी भोवतालच्या शिवारात कपाशीच पसरलेली असते. याच यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. सेंद्रिय कापड म्हणजे शहरी चोचले, असं म्हणणाऱ्यांनी ही घटना आठवावी.

सेंद्रिय कापूस हाताला वेगळा लागत नाही. जाळून पाहिलं तर कागदासारखा वास येतो आणि भुरभुरीत राख उरते. पण त्यातून कापड सुती आहे एवढंच कळतं, सेंद्रिय की नाही ते नाही. त्यासाठी प्रमाणपत्रच पाहावं लागतं. 'गॉट्स' या जागतिक मानकाच्या 'सेंद्रिय' शिक्क्याला किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो. नुसत्या 'नैसर्गिक' शब्दावर जाऊ नये, तो कोणीही छापतो.

शेजारच्या वर्ध्यात 1938 साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी मिळते.

गोधडीला मध्यम जाडीचं, जरा सैल विणीचं कापड घ्यावं. घट्ट विणीत सुई अडते आणि धावदोरा घालताना बोटं दुखतात. कापण्याआधी कापड धुवावंच, कारण सुती कापड आटतं. वरचं नवं न धुता जुन्या लुगड्याच्या अस्तराला जोडलं, तर पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. नैसर्गिक रंगाचं कापड सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावं. उरलेल्या चिंध्यांतून पिशव्या, उशांचे अभ्रे, भांडी धरायची फडकी सहज होतात.