स्वतःच मालक, मग पेन्शन कुठली?

अकोल्याच्या जुन्या शहरात भाजीची हातगाडी लावणारा, शिलाई मशीनवर बसणारी, ऑटो चालवणारा असे सगळे स्वतःच आपले मालक. त्यामुळे ना पीएफ, ना ईएसआय. यांनी आधी असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करावी. ती ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे; वय १६ ते ५९, नोंदणी मोफत.

पेन्शनसाठी २०१९ पासून प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आहे. वय १८ ते ४०, महिन्याची कमाई १५,००० रुपयांपर्यंत. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरते. साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये. पंचेचाळिशीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला मात्र इथे जागाच नाही, आणि हा अन्यायच आहे.

तिच्यासाठी निदान अपघात विमा आहे: प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख. हप्ता मेअखेरीस बँक खात्यातून आपोआप कापला जातो. नेमके तेव्हाच वऱ्हाडातल्या उन्हाने गिऱ्हाईक रोडावलेले असते. खाते रिकामे असेल, तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात थोडे पैसे ठेवा आणि जूनमध्ये पासबुकात २० रुपयांची नोंद झाली का, ते बघून घ्या.