हात कोठें आहे हें हातास कसें कळतें?

चार मुलांच्या घरांत एखादें तरी मूल ‘वेंधळें’ म्हणून ओळखलें जातें. पाण्याचा पेला त्याच्याच हातून सांडावयाचा, सदऱ्याची गुंडी भलत्याच काजांत जावयाची, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय अडखळावयाचा, हें ठरलेलें. बुद्धि तरतरीत, पाठांतर चोख. तेव्हां हें मूल मुद्दामच लक्ष देत नाहीं, असा निकाल देऊन वडील मंडळी मोकळी होते. हा निकाल पुष्कळदां अन्यायाचा असतो, असें आमचें मत आहे.

वाचकांनीं डोळे मिटून तर्जनीनें आपल्या नाकाचा शेंडा शिवून पाहावा. बोट नेमकें तेथेंच जातें. हात कोठें आहे हें डोळ्यांनीं तर सांगितलें नाहीं. मग कोणीं सांगितलें? लहानपणीं पाठ केलेल्या पंचज्ञानेंद्रियांच्या यादींत याचें उत्तर नाहीं. मेंदूची आज्ञा स्नायूंकडे जाते, तशी स्नायूंची वार्ताही मेंदूकडे परत आली पाहिजे, असें चार्ल्स बेल यांनीं १८२६ सालीं प्रतिपादिलें. पुढें १९०६ मध्यें शेरिंग्टन यांनीं या ज्ञानास ‘प्रोप्रिओसेप्शन’ हें नांव दिलें. आपण त्यास देहस्थितिज्ञान म्हणूं. स्नायूंमध्यें चातीच्या आकाराचीं सूक्ष्म इंद्रियें असतात. स्नायु किती ताणला गेला हें तीं कळवितात. ताण पडतांच उघडणारें ‘पिएझो-२’ नांवाचें प्रथिन या कामीं लागतें. त्याच्या शोधाबद्दल आर्डेम पाटापूटियन यांस २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

आतां त्या मुलाकडे वळूं. शाळेंत जाणाऱ्या शंभर मुलांपैकीं सुमारें पांच-सहा मुलांस हालचालींचा मेळ घालणें वयाच्या मानानें फार जड जातें. वैद्यक त्यास ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ म्हणतें. अशा मुलाचा एक हात त्याच्या नजरेआड ठेवून परीक्षकानें विशिष्ट कोनांत वळविला आणि दुसरा हात तसाच धरावयास सांगितलें, तर त्याची चूक इतरांहून अधिक होते, असें अनेक प्रयोगांत दिसलें. सर्वच मुलांत मात्र नव्हे. हात पोंचण्यापूर्वीं तो कोठें पोंचेल याचा जो अंदाज मेंदू बांधतो, तोच येथें कच्चा असतो, असेंही कित्येक तज्ज्ञ मानतात. कसेंही असो, पुष्कळ मुलें ही उणीव डोळ्यांनीं भरून काढतात. ‘डोळे कोठें आहेत तुझे?’ असें आपण ज्यास खडसावतों, त्याचे डोळे बहुधा दुप्पट राबत असतात.

मग हें ज्ञानच तालमीनें तीक्ष्ण करावें, असें कोणासही सुचेल. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें ज्युडिथ लास्लो व फिलिप बेअरस्टो यांनीं १९८० नंतरच्या दशकांत तेंच केलें. पेटीखालीं झांकलेल्या दोन उतरत्या पट्ट्यांवरून मुलाचे हात न्यावयाचे आणि कोणता हात उंच गेला हें त्यानें न पाहतां सांगावयाचें. प्रथम फार आशा वाटली. परंतु पुढें इतरांनीं पडताळा घेतला, तेव्हां असल्या तालमीनें अक्षर किंवा खेळ आपोआप सुधारतो असें ठरेना. आज तज्ज्ञांचा कल साध्याच मार्गाकडे आहे: जें काम अडतें, तेंच काम शिकवावें. कॅनडांत रूढ झालेल्या एका पद्धतींत तर आपणांस काय साधावयाचें हें मूलच ठरवितें, बेत करतें, करून पाहतें व कोठें चुकलें तें स्वतः शोधतें.

घरीं हें अवघड नाहीं. सदरा मांडीवर पसरून मोठी गुंडी आधीं लावूं द्यावी. तांब्या अर्धाच भरलेला असावा. पाणी ओततांना त्याच्याशीं बोलूं नये. एकत्र कुटुंबांत काकांपासून आजीपर्यंत सारेच शिकवूं लागतात आणि भावंडें हंसतात, तेवढें टाळावें. एकानेंच, रोज थोडा वेळ, शिकवावें. हंसण्याला भिऊन मूल अंगणांत जाणेंच सोडतें, हें नुकसान सांडलेल्या पाण्याहून मोठें आहे. मात्र पूर्वीं नीट धांवणारें मूल नव्यानेंच पडूं लागलें, किंवा येत असलेली गोष्ट त्यास येईनाशी झाली, तर तें प्रकरण निराळें समजावें व विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें.