बाळंतिणीची रजा आणि शेतावरील मजूर स्त्री

मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं कारखान्यांतील स्त्रियांकरितां प्रसूति-साहाय्याचा कायदा झाला. पुढें १९६१ च्या कायद्यानें कारखाने, खाणी व मळे यांतील स्त्रियांस देशभर हा लाभ मिळाला. २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांपुरती पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. परंतु रोजंदारीनें खुरपणी करणारी स्त्री यांत बसत नाहीं. तिचा मालक कामागणिक बदलतो. रोज बुडाला कीं चूल थंडावते, म्हणून ओली बाळंतीण तान्हें बांधावर निजवून कामास लागते. आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे कीं, कायद्याची वाट न पाहतां झाडास झोळी बांधूं द्यावी, पाजण्यास सवड द्यावी आणि त्यापायीं मजुरी कापूं नये. व्यालेल्या गाईस आपण चार दिवस गोठ्यांत जपतों. मजूर मातेस तितकीही सवड नसावी काय?