‘शेठ नाहीत’ म्हणून पोरांना परत पाठवू नका!

बीसीए, एमसीए, इंजिनिअरिंगची मुलं ‘प्रोजेक्टसाठी माहिती पाहिजे’ म्हणत कारखान्याच्या दारात येतात आणि आपण त्यांना ‘शेठ नाहीत’ म्हणून कटवतो. मग ती बिचारी घरी बसून तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बनवतात. सोलापूरला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय आहे. मग सिस्टीम ॲनालिसिस शिकायला टॉवेलच्या कारखान्यासारखी जागा कुठली?

बघा कसं. समजा १०० किलो सूत डाइंगला गेलं, ९८ किलो परत आलं. धुण्यात थोडं वजन घटतंच. टॉवेल २५० ग्रॅमचा धरला, तर ९८ किलोत ३९२ नग बसतात. हातात आले ३८०, म्हणजे ९५ किलो. उरलेले ३ किलो कुठं? मागावर शिल्लक, वेस्ट, की गायब? आत येताना माल किलोत, बाहेर जाताना डझनात. ‘खरेदी, विक्री, स्टॉक’ अशा तीन स्क्रीन काढणाऱ्या पोराला हा प्रश्न पडतच नाही. आणि शेठचं नुकसान नेमकं तिथंच होतं.

डेटा फ्लो डायग्राम हा प्रकार टॉम डीमार्को यांच्या १९७८ च्या पुस्तकानं लोकप्रिय केला. त्यात मुलं हमखास चुकतात ती एका जागी: सुताच्या गोण्यांचा टेम्पोच बाण म्हणून काढतात. अहो, बाण मालाचा नसतो, माहितीचा असतो! टेम्पोबरोबर जाणारं चलन, तो बाण. त्या चलनावरची तारीखही महत्त्वाची. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्यानुसार १ वर्षात परत आला नाही, तर तो पुरवठा धरला जातो आणि कर लागतो. म्हणून ‘कोणाकडे किती माल, किती दिवस’ हा रिपोर्ट सिस्टीममध्ये हवाच.

आता मजुरी. शेठना विचारलं तर म्हणतील, ‘नगावर देतो.’ झालं, पोरानं लिहून घेतलं नग गुणिले दर. दिवाणजींच्या वहीत बघितलं तर तिथं उचल आहे, ती थोडी थोडी कापली जाते, सणाच्या आठवड्यात कापतच नाहीत. हे कोणी बोलून दाखवत नाही, शेजारी बसूनच कळतं. प्राध्यापक मंडळींनी मुलाखतीच्या प्रश्नावलीला कमी आणि या बसण्याला जास्त मार्क द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पोरं आली की एका महिन्याची जुनी चलनं आणि मजुरीची वही त्यांच्यापुढं ठेवा. गिऱ्हाइकांची नावं, कामगारांची नावं आणि दर तेवढे झाका. शनिवारी हिशोबाच्या वेळी दोन तास दिवाणजींजवळ बसू द्या. स्क्रीनचं डिझाइन पुढच्या आठवड्यात मागा, आधी नाही.