उजव्या जबड्याचा साप

जपानच्या दक्षिण टोकाला, तैवानजवळ, इशिगाकी आणि इरिओमोते ही घनदाट, दमट जंगलांची बेटं आहेत. तिथे रात्री झाडाझुडपांतून फिरणारा एक सडपातळ, बिनविषारी साप जवळजवळ केवळ गोगलगायींवर जगतो. शास्त्रीय नाव पॅरियास इवासाकी.

शंखात शिरलेली गोगलगाय बाहेर काढणं सोपं नाही आणि हा साप शंख फोडायच्या भानगडीत पडत नाही. मागून झडप घालून तो वरचा जबडा शंखावर टेकवतो, खालचा आत सारतो. सापांच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी घट्ट सांधलेले नसतात; ते आळीपाळीने पुढेमागे सरकवत तो मऊ शरीर ओढून काढतो.

खरी गंमत दातांत आहे. खालच्या जबड्यात डावीकडे सरासरी १८च्या आसपास दात, तर उजवीकडे तब्बल २५! अंड्यातल्या पिल्लांतही हा फरक दिसतो. बहुतेक गोगलगायींचे शंख उजव्या वळणाचे असतात, हे त्याचं कारण. संशोधक मासाकी होसो आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये ते दाखवून दिलं. डाव्या वळणाचा शंख समोर आला की पकड चुकते आणि गोगलगाय सहसा निसटते. म्हणजे साप असेल तिथे डाव्या वळणाच्या गोगलगायी टिकून राहू शकतात; आणि उजव्या व डाव्या वळणाच्या गोगलगायींचं मीलन जमत नाही. त्यामुळे एका वळणाच्या फरकाने नवी प्रजातीही घडू शकते.

उजव्या वळणाच्या गोगलगायीही काही कमी नाहीत. त्यांतल्या सात्सुमा कॅलिजिनोसा या प्रजातीची पिल्लं सापाने धरताच पायाचं मागचं टोक तोडून पळ काढतात. ते टोक पुन्हा उगवतं.