म्हाताऱ्या माणसांना विचारणारा देश

उत्रेख्त, नेदरलँड्स

गावाकडं सिद्धेश्वरला फोन लावला की एक प्रश्न ठरलेला असतो : 'तिकडं म्हाताऱ्या माणसांना कुणी इचारतं का?' विचारतात. इतकं विचारतात की मला हेवा वाटतो आणि आपल्या गावाचा रागही येतो.

४ मेच्या रात्री आठ वाजता हा देश दोन मिनिटं थांबतो. युद्धात गेलेल्यांची ती आठवण. दुसऱ्या दिवशी मुक्तिदिन, १९४५ मध्ये जर्मनांच्या ताब्यातून सुटका झाल्याचा. मी थक्क झालो ते मात्र घरं पाहून. या दिवसांत कित्येक शहरांत लोक आपलं दार परक्यांसाठी उघडतात आणि त्या घरात तेव्हा राहणाऱ्या ज्यू कुटुंबाला कधी नेलं, परत कोण आलं, हे बैठकीत बसून सांगतात.

आमच्या शेजारच्या आजी १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लहान होत्या. जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली आणि सुमारे २०,००० माणसं दगावली. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. पणतू शाळेसाठी हे लिहून घेत होता, तेव्हा आजींनी स्वतःहून सांगितलं, 'माझा एक मामा जर्मनांना सामील होता, तेही लिही.' अशा संशयितांच्या सव्वाचार लाख नावांची सूची २०२५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली.

आणि आपण? मराठवाडा मुक्तिदिनी, १७ सप्टेंबरला झेंडा, भाषणं, संपलं. निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची १९४८ ची भारताची पोलीस ॲक्शन १३ तारखेला सुरू झाली आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला, एवढं पोरांना पाठ असतं. पण त्याआधीच्या रझाकारीत, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या जुलमात, त्यांच्याच घरातल्या बायकांनी काय सोसलं, ते कुणी विचारत नाही. माझ्या आजीच्या माहेरच्यांनी जोंधळा पेवात दडवला, रातोरात गाड्या जुंपल्या आणि पैनगंगा ओलांडून वऱ्हाड गाठलं. तिनं आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या : घरातला सगळा जोंधळा कधी विकायचा नाही, आणि आवाज ओळखल्याबिगर रात्री कडी काढायची नाही.

तिसरी गोष्ट ती फक्त बायकांत बोलायची. ॲक्शननंतर वारं फिरलं आणि मुसलमानांची घरं लुटली जाऊ लागली. तेव्हा तिच्या आईनं शेजारची बाई आणि तिची लेकरं कडब्यात लपवली. लुटायला आलेले अनोळखी नव्हते. संस्थानात तेव्हा २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली, असा सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज होता. तिचा अहवाल सरकारनं कित्येक दशकं दाबून ठेवला. घराघरांनीही तेच केलं.

रझाकारांचा जुलूम खरा होता, त्यांच्याशी लढलेल्यांचं धाडसही खरं होतं. नंतरचं सांगितल्यानं त्यातलं काहीच उणं होत नाही. इथल्या आजींचा मामा सांगितल्यानं त्यांची उपासमार कुठं खोटी ठरली?

तेव्हाचं दहा वर्षांचं पोर आज नव्वदीच्या घरात आहे. म्हणून या सप्टेंबरात झेंडावंदन झालं की भाषणं राहू द्या. शाळेतली पोरं वही देऊन घरोघर पाठवा, गावठाणात, बौद्धवाड्यात, मुसलमानांच्या गल्लीत. चारच प्रश्न द्या : कुठं पळालात? काय खाल्लं? कुणी लपवलं? आपल्यातल्या कुणी कुणाला लुटलं? गावची अब्रू जाईल म्हणून चौथा प्रश्न गाळू नका. कडब्यात लेकरं लपवणारी बाई त्याच गावची होती, आणि चौथा प्रश्न विचारल्याशिवाय तिचं धाडस कुणाला कळणार नाही.